सगळ्यात भंगार पिक्चर कोणता?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खामगावच्या बसस्टँडजवळ एका टपरीवर संध्याकाळी आम्हा पाच जणांची बैठक असते. एक निवृत्त मास्तर, एक विमा एजंट, कापडदुकानातले एक मुनीम, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि मी. पाऊस, कापसाचा भाव आणि राजकारण एवढे झाले की गाडी सिनेमावर येते. परवा एजंटाने प्रश्न टाकला, "आजवर निघालेला सगळ्यात भंगार पिक्चर कोणता?" दोनदा चहा झाला, टपरीवाल्याने दिवा लावला, तरी निकाल लागला नाही.

कंडक्टर म्हणाले, "मी अकोल्याले एक पाह्यला होता. नावबी ध्यानात नाही, इतका भंगार."

"मंग पुरा काहून पाह्यला?"

"पैसे देल्ले होते ना बाप्पा!"

चांगल्या सिनेमाबद्दल बोलताना माणूस जरा सावरून बसतो. आपण काही चुकीचे तर बोलत नाही ना, अशी धास्ती असते. वाईट सिनेमाबद्दल बोलताना मात्र प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. तिकिटाचे पैसे बुडाले, हीच त्याची पदवी. तो कोणत्या टॉकीजला पाहिला, सोबत कोण होते, मध्यंतरात काय खाल्ले, सगळे त्याला आठवते. एरवी कमी बोलणारे आमचे मुनीमसुद्धा त्या दिवशी अर्धा तास बोलत होते.

आपल्या भाषेत अशा सिनेमाला शब्द किती आहेत पाहा. पिक्चर पडला, आपटला, झोपला, डब्यात गेला. 'डब्यात गेला' हे तर अक्षरशः खरे. सिनेमाची रिळे पत्र्याच्या गोल डब्यांतून यायची, चालला नाही की पुन्हा डब्यात जायची. पण यातला एकही शब्द सिनेमा वाईट होता असे सांगत नाही. तो चालला नाही, एवढेच सांगतो. टपरीवरचा आमचा घोळ यामुळेच झाला. निम्मे लोक पडलेल्या सिनेमाबद्दल बोलत होते, निम्मे वाईट सिनेमाबद्दल, आणि दोघांनाही वाटत होते की आपण एकाच गोष्टीबद्दल भांडतो आहोत.

त्यात आपल्या भागाची एक वेगळीच अडचण. सिनेमाच्या धंद्यात आपला बुलढाणा जिल्हा 'सीपी-बेरार' विभागात मोडतो. ज्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे हे नाव, त्या प्रांताचे नाव १९५० मध्येच बदलले. १९५६ मध्ये विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र आपण अजून बेरारमध्येच आहोत. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला, त्यांच्या संघटनेचे मुख्य ठाणे भुसावळला. मुंबई-पुण्यात झिजलेली प्रिंट मोठी शहरे करत करत तालुक्याला यायची आणि अगदी शेवटी जत्रेतल्या तंबूत. तोवर तिच्यावर पाऊस पडायला लागलेला असे. पडद्यावरच्या उभ्या रेघांना आम्ही पोरे पाऊस म्हणत असू. रीळ तुटले की ऑपरेटर ते चिकटवी, आणि प्रत्येक चिकटवणीत एकदोन वाक्ये गडप होत. कधी अख्खे गाणेच नसे.

एका जत्रेत पाहिलेल्या मारधाडीच्या सिनेमात नायकाची आई दुसऱ्या रिळात मेली आणि थोड्या वेळाने त्याला भाकर वाढताना दिसली. रिळे मागेपुढे लागली होती, हे आम्हाला कळले नाही. मी गोंधळून शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मायचा जीव हाय बाबू, येते पाह्याले." आता तो सिनेमा वाईट होता, की तंबू, की ऑपरेटर? म्हाताऱ्याने केलेला अर्थ मूळ कथेपेक्षा चांगला होता, असे मला आजही वाटते.

'जय संतोषी माँ' मी अशाच तंबूत पाहिला. १९७५ चा हा कमी खर्चातला सिनेमा. आमच्याकडे तो बऱ्याच उशिरा आला. शेजारच्या काकू मला सोबत घेऊन गेल्या. तंबूच्या दाराशी बायांनी चपला काढल्या, म्हणून मीही काढल्या. देवी प्रकट झाली की पडद्याकडे फुले आणि नाणी जात. काकूंनी माझ्या हातातही एक नाणे ठेवले आणि म्हणाल्या, "टाक." मी टाकले. पडद्यावरचा चमत्कार कागदी आहे, एवढे मला त्या वयातही कळत होते. पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर ते बोलायचे धाडस झाले नाही. पुढे कॉलेजात असताना या सिनेमाची शहरी जाणकारांनी केलेली टिंगल वाचली. टिंगलीतले बरेचसे मुद्दे खरे होते. तरी तो सिनेमा त्या वर्षी 'शोले' आणि 'दीवार'च्या बरोबरीने चालला, तो काही उगाच नाही. टीकाकार खुर्चीवर बसले होते आणि काकू जमिनीवर, त्याही अनवाणी.

दादा कोंडके यांचेही तेच. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. शिष्ट मंडळींनी मात्र त्यांना ओसरीच्या आत कधी घेतले नाही. माझे मत विचाराल तर दादांचे पुढचे हिंदी सिनेमे मला सहन होत नाहीत. पण 'सोंगाड्या' वसंत सबनीसांनी लिहिला होता, त्यात लोकनाट्याचा खरा कस होता, आणि त्या भोळ्या नाम्याला हसताना गावातल्या माणसाला आपल्यालाच कोणी हसते आहे असे वाटले नाही. असो.

पडलेल्या सिनेमांचे पाहू. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ मध्ये आला. भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो असा कोसळला की गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा कधी आपले नाव लावले नाही. १९७० मध्ये राज कपूर यांचा 'मेरा नाम जोकर' आला, चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा. तोही पडला, आणि १९७३ च्या 'बॉबी'ने राज कपूर यांना कर्जातून वर काढले. आज टपरीवर कोणी या दोन्हींना वाईट म्हणून दाखवावे, मास्तर उठून उभे राहतात.

'शोले'ची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला, पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणकारांनी त्याला पडेल ठरवले, आणि मग तो मुंबईच्या मिनर्व्हाला पाच वर्षे चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत त्याला मिळाला फक्त एक, संकलनाचा. तो संकलक एम. एस. शिंदे, आपला मराठी माणूस. सर्वोत्तम चित्रपट ठरला 'दीवार'. तीस वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच फिल्मफेअरने पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून 'शोले'ची निवड केली. म्हणजे परीक्षकालाही एकाच पेपरला दोनदा गुण द्यावे लागले.

पण यातला एक सिनेमा माझ्या जिवाला लागलेला आहे, तो 'तीसरी कसम'. मी कविता लिहितो म्हणून असेल. शैलेंद्र हे रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी करणारे कवी. राज कपूर यांनी त्यांना कवितेच्या कार्यक्रमात ऐकले आणि सिनेमात आणले. हिंदी गाण्याला त्यांनी जो साधेपणा दिला तो इतर कोणाला जमला नाही. या माणसाला फणीश्वरनाथ रेणू यांची एक कथा आवडली, 'मारे गए गुलफाम'. एक गाडीवान, एक नौटंकीतली बाई, आणि जत्रेपर्यंतचा बैलगाडीचा प्रवास. गीतकाराने निर्माता व्हायचे ठरवले. दिग्दर्शन बासू भट्टाचार्य यांचे, हिरामण राज कपूर, हिराबाई वहिदा रहमान. काम वर्षानुवर्षे रेंगाळले, कर्ज वाढत गेले. शेवटी दोघांची भेट घडवा, सिनेमा चालेल, असा आग्रह त्यांना झाल्याचे सांगतात. शैलेंद्र यांनी शेवट बदलला नाही. १९६६ मध्ये सिनेमा लागला आणि पडला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला शैलेंद्र गेले. वय ४३. तो राज कपूर यांचा वाढदिवस होता. नंतर त्याच सिनेमाला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

टपरीवर मुनीम म्हणाले, "तो का? त्यात निस्ती बैलगाडी चालते." मला राग आला. खरे तर मुनीम चूक नव्हते. त्यात बैलगाडी चालते, आणि सावकाश चालते. ज्याचे बालपण जत्रेच्या वाटेवर बैलांच्या घुंगरांमागे गेले त्याला ती पुरते, ज्याला शेवटची एसटी पकडायची आहे त्याला पुरत नाही. पण एखादा सिनेमा कंटाळवाणा आहे, म्हणून तो वाईट, असे म्हणताना त्यापायी कर्जात बुडालेला एक कवी माझ्या डोळ्यांपुढे येतो आणि माझी जीभ अडखळते.

आता खरोखर वाईट, म्हणजे कारागिरीने वाईट. यात अमेरिकेने बाजी मारली आहे. १९८० मध्ये हॅरी आणि मायकेल मेडवेड या भावांनी वाईट सिनेमांना बक्षिसे देणारे एक पुस्तक काढले. वाचकांची मते मागवली आणि जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवला 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. दिग्दर्शक एड वुड. परग्रहावरचे लोक पृथ्वीवरची प्रेते उठवतात, अशी गोष्ट. यातला मोठा नट बेला लुगोसी हा १९५६ मध्येच वारला होता. वुडकडे त्याची थोडीशी चित्रे शिल्लक होती. उरलेल्या कामासाठी त्याने आपल्या बायकोच्या हाडवैद्याला उभे केले. तो उंचीने आणि चेहऱ्याने लुगोसीसारखा मुळीच नव्हता, म्हणून सिनेमाभर तो तोंडापुढे डगला धरून हिंडतो. एड वुड १९७८ मध्ये गेला, त्यामुळे हा मान त्याला पाहायला मिळाला नाही. १९९४ मध्ये टिम बर्टन याने त्याच्यावर चित्रपट काढला. त्यात लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले. जगातल्या सर्वांत वाईट दिग्दर्शकाची गोष्ट सांगून ऑस्कर. हे वाचल्यावर मला तंबूतला ऑपरेटर आठवला. तोही असाच तुटलेले जोडत असे.

आपल्याकडे हा मान कोणाला द्यायचा, यावर टपरीवर दोन तट पडले. एजंटाचे मत राम गोपाल वर्मा यांच्या 'आग'ला. 'शोले'नंतर बत्तीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी 'शोले' नव्याने काढला. जुन्या 'शोले'तल्या जयला, म्हणजे अमिताभ बच्चन यांना, नव्यात गब्बरच्या जागी बसवले. 'सत्या' काढणाऱ्या माणसाने हे का केले असेल, हे कोडे आहे. प्रेक्षकांनी तर शिक्षा केलीच, पुढे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'शोले'च्या हक्कांचा भंग केला म्हणून १० लाखांचा दंडही ठोठावला. वाईट सिनेमाला न्यायालयाने दंड केला, असे एजंट छाती फुगवून सांगत होता. दंड वाईटपणाबद्दल नव्हता, हे मी त्याला दोनदा सांगून पाहिले.

मास्तरांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाचे मत कांती शाह यांच्या 'गुंडा'ला. १९९८ चा हा मिथुन चक्रवर्ती यांचा सिनेमा. लागला तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. नंतर वसतिगृहांतल्या पोरांनी त्याला डोक्यावर घेतले. आज तो मुलांना अख्खा तोंडपाठ आहे. कारण त्यातले खलनायक यमकात बोलतात. एकेक जण समोर येतो, आपले नाव सांगतो आणि नावाला जुळणारे काहीतरी भयंकर सांगतो. त्यातले बरेचसे इथे सांगण्यासारखे नाही. कवी म्हणून एक कबुली देतो. यमकासाठी अर्थाचा बळी देणारे काव्य मी अनेक संमेलनांत, समोरच्या रांगेत बसून, टाळ्या वाजवत ऐकले आहे. 'गुंडा'च्या लेखकाने निदान ते गुंडांच्या तोंडी घातले.

या सिनेमांवर हसण्यात आनंद आहे. कोणाचे काही बिघडत नाही. काढणाऱ्याचे पैसे गेले, पाहणाऱ्याची संध्याकाळ गेली, आणि पुढची वीस वर्षे गप्पांना विषय मिळाला. टपरीवरचा वाद इथेच थांबला असता. पण घरी आल्यावर मी विचार करत राहिलो. कारण आपल्या मुंबईत हाच वाद ऐंशीपंच्याऐंशी वर्षांपूर्वी झाला होता, आणि तेव्हा त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

आधी गांधीजींचे सांगतो. सगळ्यात वाईट सिनेमा कोणता, असे त्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, सगळेच. १९२७-२८ मध्ये सरकारने दिवाणबहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली. तिने गांधीजींकडेही प्रश्नावली पाठवली. आपण सिनेमाला कधी गेलेलो नाही, पण त्याने केलेले नुकसान बाहेरच्यालाही दिसते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी कळवले. पुढेही जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या रांगेत त्यांनी सिनेमाला बसवले. यावर १९३९ मध्ये एका तरुण पत्रकाराने त्यांना उघड पत्र लिहिले. बापू, आमच्या या खेळण्याकडे एकदा मायेने पाहा, असा त्याचा सूर होता. हा पत्रकार म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास, उर्दूचे थोर कवी हाली यांच्या वंशातला. पुढे राज कपूर यांच्यासाठी 'आवारा' लिहिणारा आणि तो पडलेला 'जोकर'ही लिहिणारा. गांधीजी १९४४ मध्ये जुहूला विश्रांती घेत असताना विजय भट्ट यांचा 'रामराज्य' पाहायला तयार झाले. त्यांनी पाहिलेला तेवढा एकच भारतीय चित्रपट, असे सांगितले जाते.

अब्बास यांचे पत्र छापून आले 'फिल्मइंडिया'त. हे इंग्रजी मासिक १९३५ मध्ये सुरू करणारे बाबूराव पटेल हे मराठी गृहस्थ. वाईट सिनेमा कोणता, हे ठरवण्याचा जणू ठेकाच त्यांनी पंचवीसतीस वर्षे घेतला होता. त्यांचे परीक्षण येणार म्हटले की निर्मात्यांची झोप उडे. नटनट्यांच्या रूपापासून निर्मात्याच्या नियतीपर्यंत ते काहीही सोडत नसत. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली खट्याळ उत्तरे वाचायला लोक मासिक विकत घेत. मंटोने त्यांचे शब्दचित्र लिहिले आहे, ते मिळाले तर जरूर वाचा. गंमत अशी की दुसऱ्यांच्या सिनेमांची चामडी सोलणाऱ्या या माणसाला स्वतः सिनेमा काढायचा मोह आवरला नाही. पत्नी सुशीलाराणी यांना नायिका करून त्यांनी १९४४ मध्ये 'द्रौपदी' आणि १९४६ मध्ये 'ग्वालन' काढला. 'ग्वालन' पडला, आणि दिग्दर्शक पुन्हा संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसला. समीक्षकाने एकदा तरी सिनेमा काढावा, निदान एक कविता करून ती संमेलनात वाचावी, असा नियम असायला हवा.

पण याच बाबूरावांनी १९३८-३९ मध्ये एक काम केले, ज्यामुळे मी त्यांना मानतो. १९३८ मध्ये 'द ड्रम' नावाचा ब्रिटिश सिनेमा मुंबईत लागला. रंगीत, भव्य, झोल्टान कोर्डा याने दिग्दर्शित केलेला. म्हैसूरचा आपला साबू त्यात राजपुत्र झाला होता. गोष्ट वायव्य सरहद्दीवरची. तिथले पठाण कपटी, मेजवानीला बोलावून इंग्रजांची कत्तल करू पाहणारे, आणि चांगला पठाण कोण, तर जो इंग्रजांशी इमान राखतो तो. ज्या सरहद्दीवर खान अब्दुल गफार खान यांचे खुदाई खिदमतगार लाठ्यागोळ्या खाऊन अहिंसा पाळत होते, तिथल्या माणसांचे हे चित्र. मुंबईत लोक रस्त्यावर आले आणि सिनेमा काढून घ्यावा लागला. तेव्हा प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतून 'गंगा दीन' आला. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, नायक कॅरी ग्रँट. मूळ कविता रुडयार्ड किपलिंगची. हा कवी १८६५ मध्ये मुंबईतच जन्मला, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. त्याच्या कवितेतला पखालवाला भिश्ती इंग्रज सैनिकांना पाणी पाजता पाजता मरतो. सिनेमावाल्यांनी त्यात ठग घातले, कालीभक्त गुरू घातला, आणि सगळा देश विश्वासघातक्यांचा करून टाकला. यात चांगला हिंदी माणूस एकच, तो भिश्ती, कारण तो इंग्रजांसाठी मरतो. 'फिल्मइंडिया'ने अशा सिनेमांविरुद्ध मोहीमच उघडली. बाबूरावांच्या जोडीला अब्बासही लिहीत होते. मुंबई आणि बंगाल प्रांतांत 'गंगा दीन'वर बंदी आली.

लक्षात घ्या, हे सिनेमे कारागिरीने वाईट नव्हते. 'गंगा दीन'ची गती, त्यातली लढाईची दृश्ये, विनोद, यांचे नाव आजही निघते. १९९९ मध्ये अमेरिकेने जतन करण्याच्या आपल्या राष्ट्रीय यादीत त्याला जागा दिली. मुंबईने हाकललेला सिनेमा वॉशिंग्टनने तिजोरीत ठेवला. यातले कोणाचे बरोबर, असे विचाराल तर मी म्हणेन, ते जपतात ते ठीकच आहे. बंदी घालून काही साधते यावर माझा विश्वास नाही, आणि जपले नाही तर काय दाखवले होते ते पुढच्यांना कळणार कसे? पण भंगार सिनेमाची यादी करायला बसलो, तर हाडवैद्याला डगल्यात लपवणारा एड वुड माझ्या यादीत फार खाली येतो.

१९४० मध्ये जर्मनीत 'युड ज्यूस' निघाला. दिग्दर्शक फाइट हार्लान. वेशभूषा उत्तम, अभिनय उत्तम, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचे कौतुक झाले. त्यातला ज्यू खलनायक गोड बोलून शहरात शिरतो आणि शहर नासवतो. हिमलरने आपल्या एसएस दलाला आणि पोलिसांना तो पाहण्याचा हुकूम सोडला. कोटी-दोन कोटी लोकांनी तो पाहिला. युद्धानंतर हार्लानवर खटला चालला, तो सुटला. वाईट सिनेमा काढल्याबद्दल शिक्षा देता येत नाही, आणि चांगला काढल्याबद्दल तर नाहीच.

बाबूरावांबद्दल अर्धेच सांगून थांबणे बरे नव्हे. 'द ड्रम'मधल्या पठाणासाठी भांडणाऱ्या या माणसाची लेखणी फाळणीनंतर मुसलमानांविषयी कडवट होत गेली. पडद्यावरचे विष ओळखणाऱ्याला शाईतले ओळखता आले नाही. मला ते वाचताना वाईट वाटते. तरीही त्या दोन वर्षांचे ऋण मी नाकारणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही टपरीवरचे सगळे मिळून एक हिंदी सिनेमा पाहायला गेलो होतो. नाव सांगत नाही. तो उत्तम चालला. छायाचित्रण चांगले, संगीत चांगले. मध्यंतरात नेहमीप्रमाणे सगळ्यांनी समोसे घेतले, पण नेहमीसारखे कोणी बोलले नाही. सिनेमा सुटल्यावर एजंट माझ्यासोबत चालत आला. वीस वर्षे ईदला शिरखुर्मा प्यायला तो माझ्या घरी येतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होता. चौकात थांबून त्याने अगदी सरळ मनाने विचारले, "भाई, राग मानू नका, पण तुमच्यात खरंच असं असतं का हो?" मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. घरी जाऊन उशिरापर्यंत जागा होतो, एवढे आठवते.

परवा तोच एजंट सगळ्यांची मते बोटांवर मोजत होता. मग माझ्याकडे वळला. "शायर, तुमचा राहिला. तुमच्या मते सगळ्यात भंगार कोणता?"

तो चौक माझ्या ओठांवर आला होता. मी म्हणालो, "गंगा दीन."

"हा कोणता? खामगावात लागला होता का?"

"मुंबईतच लागू दिला नाही. एकोणीसशे एकोणचाळीसचा आहे."

कंडक्टर पुढे सरकले. "मंग तुम्ही कुठी पाह्यला?"

"मोबाइलवर."

"पुरा पाह्यला?"

"पुरा."

"आन् पैसे?"

"पैसे कशाचे?"

कंडक्टरांनी ग्लास खाली ठेवला. "पैसे न देता पुरा पाह्यला," ते म्हणाले, "म्हंजे चांगलाच असन."